ताकाला गेलेली चरवी

मी एक चरवी बोलतेय. पितळेची आहे, पोटाने गोल आणि गळ्याशी आवळलेली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं तुम्ही लोक म्हणता ना, त्यातलं ताकाला जाणारं भांडं म्हणजे मी. पण मला कुणी कधी लपवलं नाही. माझा मालक मला दोन्ही हातांनी पुढे धरून जायचा. लपवायचा ते दुसरंच काहीतरी.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. ते ठोके अजून माझ्या अंगावर आहेत, उन्हात धरलं की एकेक ठोका चमकतो. संगमनेरच्या बाजारात आनंदाच्या आईने मला बोटाने वाजवून बघितलं आणि पदराखाली घेऊन गावी आणलं. ती माझ्यात गाईची धार काढायची. पहिली धार तळाशी पडली की मी टणकन वाजायची. मग फेस चढत जाई तसा माझा आवाज मऊ होत जाई. ते माझं माहेर.

आनंदा तिचा मुलगा. सातवीनंतर शाळा सोडलेला. कष्टाला वाघ, पण बोलायला फार लाजरा. दुकानात गेला तर दुकानदार आपण होऊन "काय पाहिजे?" म्हणेपर्यंत उभा राहायचा. गावातला झुंबर तारापूरच्या कारखान्यात लागला होता. एकोणीसशे सत्त्याहत्तर साली तो आनंदालाही घेऊन गेला. निघताना आईने मला त्याच्या पिशवीत ठेवलं. "तिकडं दूध मिळंल का न्हाई ठाऊक न्हाई," ती म्हणाली, "पण भांडं असू दे."

कुंभवलीला एका चाळीत दोघांनी खोली घेतली. कापड रंगवायच्या कारखान्यात काम होतं. आनंदाची नखं कधी निळी तर कधी लाल असत. दूध कुठलं आणि काय. झुंबर माझ्यात दाढीचं पाणी घ्यायचा. इतका अपमान माझा आधी कधी झाला नव्हता.

पण पुढचं भलं झालं ते झुंबरच्याच तोंडून. एका रविवारी तो म्हणाला, "अरे, नाल्यापलीकडं कमलाकांत म्हणून शेतकरी आहे. त्याच्याकडं रविवारी लोणी काढतात आणि येईल त्याला ताक देतात, फुकट. जा चरवी घेऊन. ताक मिळंल आणि मागायच्या निमित्तानं तुझं तोंडही उघडंल."

आनंदा गेला. भाताची खाचरं, त्यांच्या कडेला ताडाची झाडं आणि मध्ये कौलारू घर. गोठ्यात दोन म्हशी. आनंदा कुंपणाशी उभा राहिला, नेहमीसारखा, कुणी तरी विचारील म्हणून. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "आनंदे, ये ना लवकर. किती वाट बगू?"

आनंदाला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. आपलं नाव यांना कसं कळलं, एवढाही विचार त्याने केला नाही. "आलो," म्हणाला आणि थेट पडवीत जाऊन उभा राहिला.

हाक मारणारी येसूबाई, कमलाकांतची बायको. ती बघतच राहिली. मागच्या दारातून हात पुसत एक मुलगी आली. तीही बघत राहिली.

"तू कोन रं?" येसूबाई म्हणाली.

"आनंदा. तुम्ही बोलावलं ना?"

ती मुलगी इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. तिचं नाव आनंदी होतं.

त्या घरात लोणी कसं काढत, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पडवीत जमिनीत पुरलेला खांब. त्याच्याजवळ मातीचा मोठा डेरा, आठवड्याच्या सायीच्या दह्याने भरलेला. डेऱ्यात उभी रवी, खांबाला कड्यांनी अडकवलेली. रवीला दोरीचे वेढे. दोरीची दोन टोकं दोघांच्या हातांत, दोघं समोरासमोर बसायची. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं. दोघांनी एकदम ओढलं तर रवी जागची हलत नाही. आणि घुसळताना कुणी बाहेरचं माणूस आलंच तर त्यानेही थोडं घुसळायचं, मगच ताक घ्यायचं, अशी त्या घरची रीत.

"आलास तं बस," येसूबाईने आपल्या हातातलं टोक आनंदाला दिलं. दुसरं टोक आनंदीच्या हातात होतं.

आधी दही घट्ट असतं, रवी जड फिरते. मग ते सैल होतं, फेस वर चढतो, डेऱ्यातून घुर्र घुर्र आवाज येतो. बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. मग एकदम आवाज बदलतो, डबक डबक असा पाणचट होतो, आणि रवीच्या पाकळ्यांना मोहरीएवढी कणी दिसू लागते. कणीला कणी चिकटते. आनंदीने हात गार पाण्यात बुडवून तो गोळा अलगद वर काढला, पाण्यात धुतला, पुन्हा धुतला. पांढरा, थेंब निथळणारा. मी भांड्यांच्या जातीची, हेवा करणं आमच्यात नाही, पण त्या गोळ्याखालच्या वाडग्याचा मला जरा हेवा वाटला.

मग आनंदाने मला पुढे केलं. येसूबाईने माझ्यात वाकून बघितलं. "कल्हई कुठं हाय? असं ताक न्यायचा तं घरी जाईपर्यंत कळकंल. इख होईल."

"ध्यानात न्हाई आलं," आनंदा पुटपुटला.

"मानूस नवा दिसतंय, भांडं पन," आनंदी म्हणाली आणि एका मडक्यात ताक घालून तिने त्याच्या हातात दिलं.

म्हणून मी पहिल्या दिवशी रिकामीच परतले. पण दुसऱ्याच दिवशी आनंदा मला घेऊन बोईसरला गेला. कल्हईवाल्याने मला भट्टीवर लाल होईपर्यंत तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि पाण्यात बुडवलं. मी आतून अशी उजळले की आनंदाला माझ्यात आपलं तोंड दिसलं. तो बराच वेळ बघत होता. केस नीट केले.

तेव्हापासून रविवार चुकला नाही. रात्रपाळी करून आला तरी आंघोळ करून मला उचलायचा. उन्हं चढायच्या आत घुसळण संपवायची असते, समुद्राकडची हवा दमट आणि उष्ण, उशीर झाला की लोणी सैल पडतं. त्यामुळे आम्ही तांबडं फुटताना खाचरांच्या बांधावरून जायचो. येसूबाईने "आनंदे" म्हटलं की दोघंही मान वर करायची, आणि दर वेळी कुणीतरी हसायचंच.

बोलायची ती आनंदीच. "तुमच्याकडं घाटावर लोनी काडतात का?"

"काढतात."

"असंच?"

"असंच. पण थंडी फार. थंडीत लवकर येत न्हाई."

"मंग?"

"मग ऊन पाणी घालतात."

एका दमात तो एवढं बोलला तो पहिला दिवस. परत येताना बांधावर पाय घसरला, पण त्याने मला सांडू दिलं नाही. इकडे ताक पिऊन पिऊन झुंबरचं पोट डोहासारखं झालं. "अरे, कढी झाली, ताक झालं, ताकातली भाजी झाली," तो म्हणायचा. "आता बोल तिच्याशी, नाहीतर मी ताकात पोहायला लागंन."

आनंदा नुसता हसायचा. मनात काय आहे ते कुणाला सांगायचं धाडस त्याला नव्हतं. दीड वर्ष गेलं.

माघ महिना होता. डेऱ्यातून माझ्यात ताक ओतता ओतता आनंदी हळू म्हणाली, "पुडल्या रविवारी वानगावची मानसं येनार हायत. मला बगाया."

"बरं," आनंदा म्हणाला.

तिने ओतायचं थांबवलं. "बरं?"

आनंदाने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी उत्तर देणार होते. "मग मी ताकाला येऊ नको का?"

"या ना. ताक काय, असतंच," ती म्हणाली आणि आत निघून गेली. माझ्यात अर्धंच ताक होतं.

तो आठवडा आनंदाचा कसा गेला ते मलाच माहीत. त्याने मला चिंचेने घासलं, परत घासलं, मी झिजते की काय असं वाटलं. झुंबर कामावर गेला की तो मला समोर ठेवायचा आणि बोलून बघायचा. "आनंदी, माझं असं म्हणणं होतं..." मग थांबायचा. "आनंदी, तुमची हरकत नसंल तर..." पुन्हा थांबायचा. लग्नाची मागणी अशी पहिल्यांदा मलाच घातली गेली. मी काय बोलणार? बोलता येत असतं तर हो म्हटलं असतं.

रविवारी आनंदाचं पाऊल लवकर निघेना. आम्ही उशिरा गेलो तेव्हा पडवीत घोंगडी अंथरलेली. वाणगावचे दोघं बसलेले, मुलाचा बाप आणि मुलाची आत्या चंद्रकांता. त्यांची चिकूची वाडी होती, स्वतःचं घर होतं. माणसं चांगली होती. आत्याच्या तोंडाला मात्र धार होती.

येसूबाईच्या मनात होतं की पाहुण्यांनी पोरीचा हात बघावा. गाणं म्हण, चालून दाखव, असलं काही नको. लोणी काढून दाखवावं. म्हणून तिने नेहमीची वेळ सोडून पाहुणे येईपर्यंत डेरा तसाच ठेवला होता. चांगली उन्हं पडवीत आली होती. पाहुणे चहा घेत होते, चुलीवर हात धुवायला पाणी तापत होतं, कोपऱ्यात गार पाण्याचा माठ होता. आनंदी आणि येसूबाई घुसळत होत्या.

आनंदा मला घेऊन कुंपणाशी उभा. कमलाकांत म्हणाला, "ये रं, ये. रीत ती रीत." येसूबाईने नाइलाजाने टोक सोडलं आणि आनंदा आनंदीसमोर बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. रवी फिरत राहिली. ताक डबक डबक करायला लागलं, कणी दिसायला लागली, पण उन्हामुळे ती जमेना.

"हा कोन?" चंद्रकांतेने विचारलं.

"ताकाला येतो. घाटी हाय," येसूबाई म्हणाली आणि पाहुण्यांना पान द्यायला वळली. पाठमोरीच ओरडली, "आनंदे, पानी घाल आता."

आनंदा उठला. त्याच्या घराकडे लोणी अडलं की पाणी घालायचं म्हणजे ऊन पाणी घालायचं. चुलीवरचं पातेलं त्याने फडक्याने उचललं. वाफ येत होती. आनंदी हातात दोरी धरून त्याच्याकडे बघत होती. त्याने ते पाणी भडाभडा डेऱ्यात ओतलं.

मी पडवीच्या कडेला होते, मला सगळं दिसलं. कणी विरघळली. वर तेलासारखे पिवळट डोळे तरंगायला लागले. येसूबाई पानं घेऊन आली, डेऱ्यात बघितलं आणि मटकन खाली बसली.

"काय झालं?" पाहुणा म्हणाला.

"थोडा येळ लागंल," कमलाकांत म्हणाला.

ते बसले, चांगले बसले. पण विरघळलेलं लोणी लगेच कुठून यायचं? शेवटी चंद्रकांता उठली. "आमच्याकडं चिकू पन यापेक्षा लवकर पिकतात," ती म्हणाली. "मुलगी चांगली हाय, येसूबाय. पन बगायला आलो नि लोनीच नाय आलं. असं शकुनावर पाय देऊन कसं करायचं?" आणि ते दोघं स्टेशनच्या वाटेला लागले.

आनंदा खांबाजवळ उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मावशी, मला वाटलं तुम्ही मलाच सांगितलं," तो म्हणाला. "आमच्याकडं ऊन पाणी..."

"तुमच्याकडं." येसूबाई म्हणाली. "चांगली सोयरीक गेली माजी." मग ती एकदम लेकीकडे वळली. "आनि तू? समोर बसली व्हतीस ना? ऊन पानी दिसलं नाय तुला?"

"दिसलं," आनंदी म्हणाली.

"मंग?"

"मंग काय."

 गोठ्यात म्हैस रेकली. येसूबाई लेकीकडे बघत राहिली, मग आनंदाकडे, मग पुन्हा लेकीकडे. आणि उठून आत गेली.

"लोनी फुकट घालवू नका," कमलाकांत शांतपणे म्हणाला आणि विडी पेटवून ओट्यावर बसला.

आनंदा विहिरीवर गेला. पोहऱ्याने गार पाणी ओढून आणलं. दोघांनी डेरा सावलीत सरकवला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, गोणपाटावर दोघं पाणी शिंपत राहिली. डेरा गार होईपर्यंत थांबली. मग तो परत खांबाशी आणून समोरासमोर बसली आणि हळूहळू घुसळायला लागली. घाई नाही. एक ओढतोय, एक सोडतोय. मी त्या दोघांना दीड वर्ष घुसळताना बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा आनंदाने मान खाली घातली नव्हती.

दुपार कलली तेव्हा आवाज बदलला. कणी आली. मग गोळा आला, जरा मऊ होता, पण नारळाएवढा होता. आनंदीने तो धुऊन वाडग्यात ठेवला.

कमलाकांत आत बघत म्हणाला, "ये गो बाहेर. लोनी आलं." येसूबाई दाराशी येऊन उभी राहिली. मग तो आनंदाला म्हणाला, "काय रं, किती दिस ताक नेशील? मागायचं तं एकदा माग ना."

आता आली वेळ. आठवडाभर पाठ केलेलं सगळं बोलायची वेळ. आनंदाने मला उचललं, दोन्ही हातांनी पुढे केलं, तोंड उघडलं आणि म्हणाला,

"ताक."

कमलाकांतला विडीचा ठसका लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मला तर वाटलं, आनंदाच्या हातातून निसटून विहिरीत उडी घ्यावी.

आनंदी उठली. तिने मला त्याच्या हातातून घेतलं. ताकाच्या डेऱ्याकडे गेलीच नाही. वाडग्यातला गोळा उचलला आणि माझ्या गळ्यातून बोटांनी दाबत दाबत आत बसवला, सगळाच्या सगळा.

"आनंदे," येसूबाई म्हणाली, "ताक कुनालाबी द्यावं. लोनी घराच्या बाहेर नाय जात."

"बाहेर कुठं चाललंय?" आनंदी म्हणाली आणि मला परत आनंदाच्या हातात दिलं.

 येसूबाई पदराने कपाळ पुसत म्हणाली, "पोरीला घाटावर नाय न्यायची. सांगून ठेवते."

"न्हाई नेणार," आनंदा म्हणाला. हे मात्र एका दमात म्हणाला.

त्या दिवशी घरी जाताना मी जड झाले होते. असला भार मी कधी वाहिला नव्हता, आणि कितीही वाहायला तयार होते. खोलीवर झुंबरने झाकण काढलं. आत वाकून बघत राहिला. "अरे, ताक कुठंय?" मग त्याच्या लक्षात आलं. त्याने आनंदाला उचलून खोलीत गरागरा फिरवलं, माझ्यासकट.

वैशाखात लग्न झालं. आनंदाची आई गावाहून आली, तिने मला वाजवून बघितलं आणि आनंदीला म्हणाली, "ही माझी पहिली सून, तू दुसरी." आनंदा कारखान्यात जातच राहिला, पण राहायला कमलाकांतच्या घरी आला. लोक म्हणायचे, जावई सासूसमोर बसून घुसळतो, हे कुठं पाहिलंय का? येसूबाई म्हणायची, "तुमच्या जावयाला येतं का? मंग गप बसा."

आता पुष्कळ वर्षं झाली. कुंभवलीला कारखाने वाढले, खाचरांपर्यंत आले. दूध पिशवीत येतं. पण कमलाकांतच्या पडवीत, आता ती आनंदाची पडवी, रविवारी अजून डेरा असतो. ताकाला माणसं येतातच, फक्त भांडं आणत नाहीत. कारखान्यातली परगावची पोरं हात हलवत येतात. एकजण प्लास्टिकची पिशवी घेऊन आला होता, "इसमें दे दो भाभी." आनंदीने ती पिशवी चुलीत घातली आणि मला खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिलं.

तेव्हापासून माझं हेच काम. ज्याच्याकडे भांडं नाही त्याच्या घरी मी जाते. कुणाकुणाच्या खोल्या बघितल्या मी. आणि गंमत म्हणजे मला रिकामी कुणी परत करत नाही. डोंगराकडून मजुरीला येणारी जिवली माझ्यात रानातले कंद, करांदे घालून आणते. समुद्राकाठच्या दांडी गावची एक बाई सुकट घालते, मग आनंदीला मला राखेने खूप घासावं लागतं. पिशवीवाला पोरगा छठच्या सणाला गावी गेला होता, तो तिकडचा तळलेला गोड ठेकुआ घेऊन आला. माझ्या माहेरी धार वाजायची. आता माझ्यात काय काय वाजतं ते मलाही आधी कळत नाही.

माझ्या बुडाला पोचा आलाय, कडा एका बाजूला वाकली आहे. कल्हईवाले आता दिसत नाहीत, आनंदा कुठून तरी एकाला शोधून आणतो. मला म्हातारपण आलंय, पण ते खुंटीवर टांगून घालवायचा माझा विचार नाही. तुम्हीही कधी रविवारी इकडे आलात तर या. पहाटे या, उन्हं चढली की लोणी रुसतं. दोरी धरायला लागेल, नाही म्हणू नका. भांडं नसलं तरी चालेल, मी आहे. फक्त परत आणून द्या, पुढच्या रविवारी कुणीतरी वाट बघत असेल.